क्लबमध्ये विनामोबदला स्कूबा शिकवतो. खर्च मागावा की नाही?

तळठाव

नमस्कार मंडळी,

मी बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि गेली सहा वर्षं इथल्या एका बीसॅक क्लबात स्कूबा शिकवतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीसॅक म्हणजे ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब, 1953 सालचा. गावोगावी त्याच्या शाखा आहेत आणि शाखेत शिकवणारे आम्ही सगळे स्वयंसेवक. बुधवारी रात्री पोहण्याच्या तलावावर, आणि मार्च ते ऑक्टोबर जमेल त्या शनिवारी स्टोनी कोव्हला. ही लेस्टरशायरमधली जुनी ग्रॅनाइटची खाण, आता पाण्यानं भरलेली.

पहिली चार वर्षं मी क्लबकडून एक पेनीही घेतली नाही. शिकवणं ही सेवा, आणि सेवेच्या बदल्यात पैसे मागायला आपली जीभ रेटत नाही. खजिनदारबाई दरवर्षी सभेत सांगायच्या, खर्चाचा फॉर्म भरा. मी म्हणायचो, राहू द्या हो. त्यात मला बरं वाटायचं, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण प्रशिक्षक तयार झाली. तिचं शिकवणं मी पाण्याखाली शेजारी थांबून पाहिलंय. मास्कमध्ये पाणी घ्यायला एक गृहस्थ इतके घाबरायचे की हातानं मास्क दाबून धरायचे. तिनं त्यांना तीन आठवडे नुसतं उथळ पाण्यात गुडघ्यावर बसवून नाकानं फुंकर मारायला लावली, घाई केली नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून मास्क पूर्ण काढला आणि परत चढवला. अशी ती मुलगी एप्रिलनंतर यायचीच थांबली. फोन केला तर म्हणाली, पेट्रोलचं जमत नाहीये. म्हटलं, अगं मग क्लेम का नाही केलास? ती म्हणाली, "तुम्ही जुने लोक कुणीच करत नाही. मी एकटीनं कसं मागायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी वही घेऊन बसलो. घर ते स्टोनी कोव्ह जाऊन-येऊन 68 मैल. मैलाला 45 पेन्सनं 30 पौंड 60 पेन्स. वर्षाला साधारण 18 दिवस धरले तर नुसत्या गाडीचे 550 पौंड 80 पेन्स. प्रवेश फी आणि सिलिंडर भरून घेणं वेगळं. माझ्या पगारात ते निभतं. तिच्या पगारात निभत नाही.

तेव्हापासून मी दर महिन्याला क्लेम करतो आणि बाकीच्यांच्याही मागे लागलोय. पण समितीत प्रश्न निघतायत. स्वतःच्या सामानाची झीज मागता येते का? ठरावीक रक्कम दिली तर चालेल का? आणि खर्च घेतला म्हणजे आपण "पेड" प्रशिक्षक झालो का? जाणकारांनी लिहावं.

हिशेबनीस

धागा काढलात हे फार बरं केलंत. मी लीड्सला अकाउंटंट आहे, दोन धर्मादाय संस्थांचे हिशेब बघतो. डायव्हिंग येत नाही, पैशाचं सांगतो.

45 पेन्सचा दर 2011 पासून आहे. वर्षातल्या पहिल्या 10,000 मैलांना 45, त्यापुढे 25. मोटरसायकलला 24, सायकलला 20. तो मुळात नोकरदारांसाठी, पण स्वयंसेवकाला याच दरानं प्रवासखर्च दिला तर एचएमआरसी, म्हणजे इथलं करखातं, त्याला उत्पन्न धरत नाही. त्या 45 पेन्सांत पेट्रोल, विमा, टायर, सर्व्हिसिंग सगळं आलं. म्हणून मैलाचे पैसे घेतलेत की पेट्रोलची पावती वेगळी लावायची नाही. ही चूक मी सर्रास बघतो, आणि भली माणसंच करतात. आणखी एक, गाडी ज्याची त्यानंच मैल लावायचे. तिघं एका गाडीत गेलात तर तिघांनी नाही.

ठरावीक रकमेपासून मात्र दूर राहा. "दिवसाला अमुक पौंड" असं ठरवून दिलं आणि खरा खर्च त्याहून कमी झाला, तर वरचे पैसे खर्च राहत नाहीत, ती कमाई होते. मग कर आला. किमान वेतनाचा प्रश्नही उभा राहू शकतो, कारण 1998 च्या किमान वेतन कायद्यात स्वयंसेवी कामाला जी सूट आहे ती खर्चापलीकडे काही न घेणाऱ्यालाच आहे.

कर्लीकाठ

मी तारकर्लीचा. आमच्याकडे स्कूबा हा पोटाचा धंदा आहे. मासेमारी करणाऱ्या घरातली कितीतरी पोरं आता पर्यटकांना घेऊन पाण्यात उतरतात आणि त्यावर घर चालतं. त्यामुळे तुमचं वाचून पहिल्यांदा आश्चर्य वाटलं. इतकी जोखीम घेऊन फुकट कशाला शिकवायचं? आणि शिकवता आहात तर सरळ फी का लावत नाही? राग मानू नका, खरंच समजून घ्यायचं आहे.

तळठाव

@कर्लीकाठ, राग कसला. तुमच्याकडचं काम मी पाहिलंय. पोहता न येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी समुद्रात धीर देणं मला जमणार नाही.

इथं दोन्ही पद्धती आहेत. दुकानात जाऊन फी भरून शिकता येतं, तिथले प्रशिक्षक पगारी असतात. क्लबाची रीत वेगळी. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी एक पैसा घेतला नाही, आता माझी पाळी. मी शिकवलेल्यांपैकी दोघं आज शिकवतायत. यातून क्लबाची बोट चालते, कॉम्प्रेसर चालतो आणि बेताच्या पगाराचा माणूसही डायव्हर होतो. फी लावली तर ही साखळी तुटेल, अशी माझी समजूत आहे.

जुनी_डीओ

मी बारा वर्षं एका शाखेची डायव्हिंग ऑफिसर (डीओ) होते, म्हणजे शाखेच्या डायव्हिंगची जबाबदारी माझ्याकडे. हिशेबनीस यांनी कराचं सांगितलं, मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे, आणि ती बऱ्याच क्लबांत माहीत नसते.

ब्रिटनमध्ये 1997 चे डायव्हिंग अ‍ॅट वर्क नियम आहेत. तेल-वायूवाल्या डायव्हरांपासून पगारी स्कूबा प्रशिक्षकांपर्यंत, जो कामावर म्हणून पाण्यात उतरतो त्या प्रत्येकाला ते लागू. तुम्हाला शिकवण्याचा मोबदला मिळाला की तुम्ही त्या नियमांत आलात. मग एचएसईनं (कामाच्या जागची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून दरवर्षी तपासणी, डायव्हिंग काँट्रॅक्टर म्हणून कुणीतरी जबाबदार, लेखी आराखडा, नेमलेला सुपरवायझर, हे सगळं हवं. क्लबातला स्वयंसेवक त्याबाहेर राहतो तो एवढ्याचसाठी, की त्याला मोबदला नाही. पदरचा झालेला खर्च परत मिळणं हा मोबदला नव्हे. त्यावरचा एक पौंड मात्र मोबदला.

आता माझा अनुभव. शाखेचं नाव सांगत नाही. मी पद घेतलं त्या वर्षी समजलं की शनिवारी शिकवणाऱ्याला संध्याकाळी एक पाकीट मिळतं, 25 पौंडांचं. पावती नाही, सही नाही. वर्षानुवर्षं चालत आलेलं आणि देणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. बिचारे थंडीत कुडकुडतात, त्यांना काहीतरी द्यावं, एवढंच. पण एक प्रशिक्षक तलावापासून चार मैलांवर राहायचा आणि त्याचं सिलिंडर क्लबाच्याच कॉम्प्रेसरवर भरलं जायचं. त्याचा खरा खर्च पाच पौंडसुद्धा नव्हता. उरलेले वीस कशाचे? त्या दिवशी एखादा शिकाऊ डायव्हर जखमी झाला असता तर पहिला प्रश्न हाच निघाला असता. आणि विमा कंपनीनंही विचारलंच असतं, हा स्वयंसेवक होता की नव्हता.

मी पाकीट बंद केलं. दोन जुने मित्र माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. तरी मी परत तेच करीन.

तळठाव

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या समितीत "दिवसाला 30 पौंड सरसकट" हाच प्रस्ताव पुढच्या बैठकीला येणार होता. सगळ्यांना तेवढेच लागतात, मग कागद कशाला, असं म्हणणं आहे. तुमचा प्रतिसाद इंग्रजीत करून समितीला वाचून दाखवला तर चालेल का?

जुनी_डीओ

जरूर. आणि वस्तुरूपातलं देणंही यातच धरा. प्रशिक्षकाला लाल समुद्राची सहल फुकट, नवा ड्रायसूट (पाण्यात अंग कोरडं ठेवणारा पोशाख) भेट, हे पैसे नसले तरी बक्षीसच आहे. ज्याचा शिकवण्यासाठी झालेल्या खर्चाशी संबंध दाखवता येत नाही ते देऊ नका.

अर्थो

मी पण बीसॅकवालाच, ब्रिस्टलकडे. सामानाच्या झिजेबद्दल आमच्याकडे काय करतो ते लिहितो.

झीज म्हणून ढोबळ रक्कम आम्ही देत नाही. पण बिल असेल आणि लॉगबुक, म्हणजे डाइव्हच्या नोंदींची वही, असेल तर त्याचा वाटा देतो. माझंच उदाहरण. गेल्या वर्षी 40 डाइव्ह झाल्या, त्यातल्या 26 शिकवण्याच्या, बाकी माझ्या मौजेच्या. म्हणजे 65 टक्के. रेग्युलेटरच्या (सिलिंडरातली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) सर्व्हिसिंगचं बिल 90 पौंड, क्लबानं 58 पौंड 50 पेन्स दिले. सिलिंडरच्या तपासणीलाही हाच हिशेब. इथं अडीच वर्षांनी आतून बघणी आणि पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी असते, तेव्हा तो खर्च रोजचा नसतो, पण आला की एकदम येतो.

हवेचं तर हक्कानं मागा. दुसऱ्याच्या रेग्युलेटरवरून श्वास घ्यायचा सराव मी एका सकाळी तीन विद्यार्थ्यांकडून करून घेतला. सहा मीटरवर, मार्चच्या पाण्यात, म्हणजे थंडीनं आणि भीतीनं तिघांचेही श्वास जोरात. ते तिघं ओढत होते माझ्या सिलिंडरातून. 12 लिटरचं सिलिंडर 232 बार दाबानं भरून नेलेलं, वर आलो तेव्हा काटा 60 वर. एवढी हवा मी एकटा त्या खोलीवर तासभरातही संपवत नाही.

फाटलेल्या सीलचा मात्र वाद झाला होता. वर ओढून आणण्याच्या सरावात विद्यार्थ्याचं बोट माझ्या ड्रायसूटच्या गळ्याच्या लेटेक्सच्या सीलमध्ये अडकलं आणि ते टरकन फाटलं. सहा अंशाचं पाणी सूटच्या आत छातीवरून पोटापर्यंत. एकजण म्हणाला, सील जुनंच होतं, कधीतरी फाटणारच होतं. शेवटी समितीनं दुरुस्तीचं बिल भरलं, कारण फाटलं ते शिकवताना.

नाना_सदाशिव

विषय माझा नाही, तरी लिहितो. मी पुण्यात पस्तीस वर्षं गणेश मंडळाचा खजिनदार होतो. आमच्या कार्यकर्त्यांनी रात्री रात्री जागून मांडव घातले, मूर्ती आणायला स्वतःच्या गाड्या काढल्या. कुणी रिक्षाचे पैसे मागितले नाहीत, आम्ही विचारलेही नाहीत. मागितलं की सेवेची सेवा राहत नाही असं मला आजही वाटतं. ज्याला परवडत नाही त्याला चारजणांनी मिळून गुपचूप मदत करावी, त्याचा फॉर्म कशाला?

तळठाव

नाना, तुमच्या वयाचा आणि कामाचा मान राखून बोलतो. आमच्या त्या मुलीला मी गुपचूप पैसे देऊ केले होते. तिनं घेतले नाहीत. तिचे डोळे भरून आले आणि पुढे दोन आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही. मदत म्हटली की घेणारा खाली बसतो. फॉर्म सगळ्यांनी भरला की कुणीच खाली बसत नाही. मला क्लेम केल्यावर दुसऱ्याच महिन्यात हे कळलं. माझा फॉर्म खजिनदारबाईंच्या फाइलीत दिसला आणि त्यानंतर तिघांचे आले. तिघंही मनातून वाटच बघत होते.

नाना_सदाशिव

तुमच्या मुलीचं वाचून दोन पोरं आठवली. चांगली होती, एका वर्षानंतर दिसली नाहीत. अभ्यास असेल असं आम्ही धरून चाललो. विचारलं नाही, हे खरं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही.

पण फॉर्म काढणारच असाल तर खजिनदार म्हणून सांगतो. प्रत्येक व्हाउचरवर तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, आणि मागणाऱ्याची व मंजूर करणाऱ्याची अशा दोन सह्या. स्वतःचं व्हाउचर स्वतः मंजूर करायचं नाही, अध्यक्ष असलात तरी. रोख द्यायचं नाही. आणि मुदत ठेवा. वर्षाअखेरीला कुणी बारा महिन्यांच्या चुरगळलेल्या पावत्या आणल्या की खजिनदाराचं आणि त्याचं भांडण ठरलेलं.

हिशेबनीस

नानांच्या सेवेच्या मुद्द्यावर एक वाट आहे. ज्यांना पैसे नकोच आहेत त्यांनी आधी क्लेम करावा, पैसे खात्यावर घ्यावेत आणि मग स्वखुशीनं देणगी म्हणून परत द्यावेत. क्लब धर्मादाय संस्था किंवा नोंदलेला हौशी क्रीडा क्लब असेल आणि तुम्ही पुरेसा कर भरत असाल, तर त्या देणगीवर क्लबाला सरकारकडून गिफ्ट एड मागता येतं, पौंडामागे 25 पेन्स. तळठाव यांच्या 30 पौंड 60 पेन्सांवर क्लबाला आणखी 7 पौंड 65 पेन्स मिळतील. नुसतं "माझे राहू द्या" म्हटलंत तर गिफ्ट एड नाही. पैसे खरोखर जाऊन परत यायला हवेत, बँकेत दिसायला हवेत. आणि देणगीची सक्ती नको. "सगळे परत देतात" असा दबाव आला की ती मुलगी पुन्हा पहिल्या जागी.

दोन_पिल्लं

पाळणाघराचं कुणी लिहीलच म्हणून वाट बघत होते. मी क्लबात थिअरीचे वर्ग घेते आणि तलावावर शिकवते. नवरा शिफ्टमध्ये असला की बुधवारी संध्याकाळी मुलं सांभाळायला कुणीतरी लागतं, तीन तासांचे पैसे जातात. हे मागितलं तर लोक काय म्हणतील या विचारानं मी एक अख्खं वर्ष शिकवलंच नाही.

हिशेबनीस

ताई, नक्की मागा. स्वयंसेवा करताना मुलांच्या किंवा घरातल्या आजारी माणसाच्या देखभालीवर जे जातं, ते पदरचा खर्च म्हणून इथल्या अनेक संस्था देतात. फक्त सांभाळणारीची पावती घ्या, आणि क्लबाच्या खर्चधोरणात ते आधी लिहून घ्या, म्हणजे दर वेळी तुम्हाला एकटीला समजावत बसावं लागणार नाही.

रंकाळा

मी कोल्हापूरचा, सध्या स्टुडंट व्हिसावर एमएससी करतोय. विद्यापीठाच्या सब-अ‍ॅक्वा क्लबात सहायक प्रशिक्षक व्हायचं आहे. सिनियर म्हणतात, तलावावरच्या सत्राला थोडे पैसे मिळतील. घेऊ का?

जुनी_डीओ

बाळा, घेऊ नकोस. स्टुडंट व्हिसावर आठवड्याच्या तासांची मर्यादा आहे ती वेगळीच, पण व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला त्या व्हिसावर सरळ मनाई आहे. सत्रामागे पैसे घेतलेस तर तू प्रशिक्षक म्हणून मोबदला घेतलास असं दिसेल. बसचं तिकीट वगैरे खरा खर्च पावतीसकट, एवढंच. आणि तेही सुरू करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेल करून लेखी उत्तर घे. तोंडी नको. ते उत्तर जपून ठेव.

रंकाळा

धन्यवाद ताई. उद्याच मेल करतो. पैशापेक्षा शिकवायला मिळणं महत्त्वाचं आहे.

अर्थो

एक राहिलं. विद्यार्थी आलाच नाही तर? मी एकदा पहाटे साडेपाचला निघून स्टोनी कोव्हला पोचलो, सामान उतरवलं, आणि आठ वाजता मेसेज आला की पोट बिघडलंय. मैल लावले, प्रवेश फीही लावली. क्लबानं दिले. शिकवायलाच गेलो होतो. मात्र त्या दिवशी मी मित्राबरोबर बोटीच्या सांगाड्यापर्यंत एक डाइव्ह मारली, तिची हवा माझ्या पैशांची. हे फॉर्मवर लिहून टाकलं, म्हणजे विचारायला कुणाला जागा राहिली नाही.

तळठाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. जुनी_डीओ ताईंचा प्रतिसाद वाचला तेव्हा खोलीत पूर्ण शांतता होती. सरसकट 30 पौंडांचा प्रस्ताव ज्यांनी आणला होता त्यांनीच मागे घेतला. आता धोरण एका पानाचं झालंय. मैलाला 45 पेन्स, प्रवेश फी आणि हवा पावतीवर, सामानाच्या बिलाचा वाटा अर्थो म्हणतात तसा लॉगबुकवरून, मुलं सांभाळण्याचा खर्च पावतीवर, तीन महिन्यांची मुदत, दोन सह्या. प्रशिक्षकाच्या परीक्षेची फी क्लब भरणार, पण त्यानं पुढे दोन मोसम शिकवायची तयारी दाखवली तर. यावर थोडी गरमागरमी झाली, कारण काहींना दोन मोसम जास्त वाटतात. ते पुढच्या सभेत बघू.

फॉर्मवर मी एक ओळ हट्टानं घालून घेतली: "या महिन्यात खर्च झाला नसेल तर शून्य लिहून सही करा." म्हणजे फॉर्म प्रत्येकाकडून येणारच. क्लेम करणारा वेगळा दिसणार नाही.

त्या मुलीला पान पाठवलं. रात्री उशिरा तिचा उलट प्रश्न आला, की एप्रिलमधल्या दोन शनिवारांच्या पावत्या अजून आहेत, मुदत उलटून गेली, चालतील का? खजिनदारबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धोरण कालपासून लागू, आधीच्या पावत्यांना मुदत नव्हतीच, घेऊन ये म्हणावं. बुधवारी तलावावर आणते म्हणाली.

फॉर्मचा नमुना कुणाला हवा असेल तर व्यनि करा, पाठवतो.